खात्यापित्या घरचं पोरगं

रक्त काढलं की ट्यूब थोडा वेळ उभी ठेवायची, गोठू द्यायची, मग सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवायची. लाल ऐवज खाली बसतो आणि वर सीरम येतं. फिकट पिवळं, नितळ, पलीकडं धरलेलं बोट दिसावं इतकं. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी मशीनचं झाकण उघडलं, ट्यूब वर काढली आणि बोट दिसेना. वरचा थर पांढरट, पाणी घातलेल्या दुधासारखा. नाश्ता करून आले असतील असं वाटून बाहेर जाऊन विचारलं. आई म्हणाली, "न्हाई ओ, रात्री आठापासनं पोटात काय बी न्हाई त्याच्या. चहासुद्धा दिल्याला न्हाई." चिठ्ठीवरचं वय पुन्हा वाचलं. तेरा.

असली ट्यूब न पाहिलेल्यांसाठी सांगतो, तो पांढरेपणा म्हणजे चरबी. ट्रायग्लिसराइड रक्तात फार झाली की सीरम गढूळ होतं. शुगर बेताल झाली की हे होऊ शकतं, कारण ज्या इन्सुलिनच्या जोरावर साखर पेशींत शिरते, त्याच इन्सुलिनच्या जोरावर रक्तातली चरबीही उचलली जाते. बेळगावात छोटी लॅब चालवायला लागून मला सव्वीस वर्षं झाली. अशा ट्यूब मी पाहिल्यात, पण त्या पन्नाशीतल्या, दोनदा अँजिओग्राफी करून आलेल्या माणसांच्या.

हा मुलगा शुगरसाठी आलाच नव्हता. त्याच्या मानेवर काळा पट्टा होता. आई दोन वर्षं ती मान घासत होती. आधी डाळीचं पीठ, मग लिंबू, शेवटी भांड्याची घासणी. मळ काही निघेना. वर्गात पोरांनी त्याला एक नाव ठेवलं होतं, ते इथं लिहीत नाही. कातडीच्या डॉक्टरांनी मान बघितली, काखेत बघितलं, आणि मलम न देता रक्त तपासायला पाठवलं. शहाणा डॉक्टर. कातडी अशी मखमलीसारखी जाड आणि काळी पडणं ही बहुतेक वेळा अंगात इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त उसळत असल्याची खूण असते. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड ते आणखी ओतत राहतं, आणि त्याची पहिली बातमी मानेवर येते. घासून ती कशी जाणार?

त्या दिवशी आईला शुगरचा वाढलेला आकडा सांगितला तेव्हा ती म्हणाली, "गोड बंद करू की मग." घरोघरी हेच ऐकू येतं: शुगर म्हणजे गोड, गोड बंद केलं की संपलं. मी डॉक्टर नाही. पण जे आकडे रोज माझ्या हातून छापले जातात त्यावरून मला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. वजन जास्त असलेल्या मुलाला मधुमेह झाला की तो फक्त साखरेचा आजार उरत नाही. त्याच्या काळजाच्या धमन्यांचा हिशेब त्याच दिवसापासून सुरू झालेला असतो, आणि आपल्या सीमाभागात हा हिशेब ठेवणारं कुणी नाही. घर ठेवत नाही, शाळा ठेवत नाही, आणि दोन्हीकडची सरकारंही ठेवत नाहीत.

आता "तेराव्या वर्षी कसला हृदयरोग" असं म्हणणाऱ्यांसाठी. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात बोगालुसा नावाचं एक गाव आहे. तिथल्या मुलांच्या काळजाचा अभ्यास १९७३ पासून चालू झाला. मोठी माणसं आजारी पडेपर्यंत थांबायचं नाही, पोरंच बघायची, असा तो विचार. त्यातली काही मुलं, तरुण पुढं अपघातांत, इतर कारणांनी गेले. अशा २ ते ३९ वर्षं वयाच्या २०४ जणांची शवविच्छेदनं तपासून १९९८ मध्ये निष्कर्ष छापले गेले. धमन्यांच्या आतल्या अस्तरावर चरबीचे पट्टे लहानपणीच दिसत होते, आणि जिवंतपणी ज्यांचं वजन, बीपी, कोलेस्टेरॉल यांतलं जितकं जास्त बिघडलेलं, तितके त्यांचे पट्टे जास्त. म्हणजे साठाव्या वर्षी येणाऱ्या झटक्याची पेरणी शाळेच्या दप्तराच्या वयात होते. वजन, बीपी, कोलेस्टेरॉलनं एवढं, मग वर शुगर आली तर?

त्याचंही उत्तर आहे. ज्या साली आपला सीमाखटला सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला, त्याच २००४ साली अमेरिकेत 'टुडे' नावाचा अभ्यास सुरू झाला. टाइप २ मधुमेह, म्हणजे शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होऊन येणारा मधुमेह, झालेली, वजन जास्त असलेली, १० ते १७ वर्षांची ६९९ मुलं त्यात घेतली. खटला आहे तिथंच आहे. ती पोरं मात्र पंचविशी ओलांडून गेली, आणि २०२१ मध्ये त्यांचा लेखाजोखा प्रसिद्ध झाला. सरासरी वय २६. आजार होऊन सरासरी १३ वर्षं. तोवर शेकडा ६७ जणांना उच्च रक्तदाब झालेला, निम्म्याहून जास्त जणांच्या रक्तातली चरबी बिघडलेली, निम्म्याहून जास्त जणांच्या मूत्रपिंडाला इजा. काहींना हृदयविकाराचे झटके, पक्षाघातही येऊन गेले होते. सव्वीस म्हणजे आपल्याकडं लग्नाची पत्रिका छापायचं वय.

आणि ही उपचार मिळालेली मुलं होती. डॉक्टर, आहारतज्ज्ञ, औषधं, सगळं अभ्यासाच्या खर्चात. तरीही सुमारे निम्म्या मुलांना नुसती मेटफॉर्मिन ही शुगरची नेहमीची गोळी पुरली नाही. मोठ्या माणसाला जी गोळी वर्षानुवर्षं सांभाळून नेते ती पोरांना लवकर तोकडी पडते. वयात येताना शरीर तसंही इन्सुलिनला कमी दाद देतं, त्यात पोटावरची चरबी, आणि इन्सुलिन करणाऱ्या पेशी मोठ्यांपेक्षा वेगानं थकतात. चाळिशीत झालेला मधुमेह आणि बाराव्या वर्षी झालेला मधुमेह यांना एकच नाव आहे खरं, पण दुसरा फार तापट आहे.

ती पोरं अमेरिकेची, आपली कुठं तशी, हा आक्षेप मला मान्य आहे, पण उलट्या बाजूनं. आपलं गणित त्यांच्याहून वाईट असायची शक्यता जास्त. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गर्भवती बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालवला. ती बाळं वजनानं इंग्रज बाळांपेक्षा पुष्कळ कमी, हातापायानं काडी, पण अंगातली चरबी मात्र त्या मानानं राखून. दिसायला बारीक, आतून जाड. याज्ञिकांनी स्वतःचं उदाहरणही जगासमोर ठेवलं. ते आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी एक, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी शेकडा ९, याज्ञिकांच्या अंगात २१. तो फोटो २००४ मध्ये छापला गेला आणि डॉक्टर मंडळींत गाजला. म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ च्या तक्त्यांत आपल्या मुलांसाठी रेषा खाली आणल्या. मोठ्यांच्या २३ बीएमआयशी जुळणारी रेषा ओलांडली की वजन जास्त, २७ शी जुळणारी ओलांडली की लठ्ठ. खानापूर तालुक्यात दोन किलो चारशे ग्रॅमचं जन्मलेलं, पहिली दोन वर्षं हाडकुळं राहिलेलं, आणि मग शहरात आल्यावर सहा वर्षांत "भरलेलं" पोरगं हे त्या तक्त्यातलं सगळ्यात धोक्याचं पोरगं आहे.

पण त्याला आपण धोका म्हणत नाही, बाळसं म्हणतो.

मला यात घरांना दोष द्यायचा नाही, कारण मी त्याच घरातला आहे. माझ्या आजीनं दुष्काळ पाहिला होता. तिच्या लेखी पोराच्या गालाला हात लावल्यावर बोट रुतलं पाहिजे. आजही मंडळांच्या कार्यक्रमांत गुटगुटीत बालक स्पर्धा होतात, पहिला नंबर आलेल्याला तीट लावून फोटो काढतात. "खात्यापित्या घरचं पोरगं" ही आपल्याकडं स्तुती आहे. पावणे आले तर कुंदा, गोकाकला कुणी जाऊन आलं तर करदंट, लग्नात मांडे. उसाच्या पट्ट्यात, साखर कारखान्यांच्या धुराड्यांखाली राहणाऱ्या माणसाला साखर विषासारखी कशी वाटावी? ज्या जिल्ह्यात साखरेचं शास्त्र शिकवणारी सरकारी संस्था आहे, तिथं साखरेच्या आजाराचं शास्त्र मात्र प्रत्येकानं आपापलं व्हॉट्सॲपवर शिकायचं!

आणि खरं तर कुंदा हा मुख्य गुन्हेगार नाहीच. कुंदा वर्षातून कितीदा होतो? मी शाळा सुटायच्या वेळेला एका मराठी शाळेच्या फाटकासमोर उभा राहून बघितलं. चार गाडे. एकावर गोबी मंचुरी, कढईतलं तेल सकाळपासूनचं, काळं. दुसऱ्यावर रंगीत सरबत आणि पेप्सीच्या कांड्या. तिसऱ्यावर पाच-पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा लोंबत होत्या. चौथा उकडलेल्या शेंगांचा, त्याच्याकडं दोनच पोरं. दहा रुपयांत जे पोट भरतं ते कुठल्या गाड्यावर, हे पोरांना आपल्यापेक्षा नेमकं कळतं. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-तेलाचे पदार्थ विकायचे नाहीत असा केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०२० पासून आहे. मी पावलं मोजली. पहिला गाडा सात पावलांवर होता.

कर्नाटक सरकारनं २०२४ च्या मार्चमध्ये गोबी मंचुरी आणि बुड्डी के बालमधल्या रोडामाइन रंगावर बंदी घातली. चांगलं केलं, तो रंग वाईटच. तेव्हापासून गोबी फिकट झाली. तेल तेच, मैदा तोच, ओतलेला सॉस तोच. २०२५ मध्ये सीबीएसईनं आपल्या शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले, कुठल्या पेयात किती साखर हे पोरांना भिंतीवर दिसावं म्हणून. त्या परिपत्रकात मुलांमधल्या टाइप २ मधुमेहाचं नाव घेतलेलं आहे. पण आमच्या मराठी माध्यमाच्या शाळा सीबीएसईच्या नाहीत, त्या राज्याच्या. फलक लागले ते टिळकवाडीतल्या फीवाल्या शाळांत. कंग्राळी, उचगाव, येळ्ळूरच्या शाळांतल्या भिंतीवर अजून पाढेच आहेत.

सरकारी तपासणीची गंमत अशी आहे. आरोग्य खात्याची बीपी-शुगरची घरोघरची तपासणी तीस वर्षांवरच्यांसाठी. शाळेत येणारं पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, २०१३ पासूनचं. त्यांच्या मूळ यादीत तीस आजार. त्यात जन्मजात हृदयदोष आहे, संधिवाताच्या तापानं होणारा हृदयरोग आहे, कुपोषण, रक्तक्षय, दातांची कीड आहे. लठ्ठपणा आणि मधुमेह यांना त्या तिसांत जागा नाही. वजन-उंची लिहितात, पण डोळा असतो तो खाली घसरलेल्या आकड्याकडं. वर चढलेल्या आकड्याला कुणी विचारत नाही. शाळेत शिकवणारा माझा एक मित्र सांगत होता, पथकातल्या बाई त्याच्या वर्गातल्या एका जाडजूड मुलीकडं बघून हसून म्हणाल्या, "हिची काय काळजी नाही." तेरा ते तीस या सतरा वर्षांत पोरानं काय करायचं? ज्यांच्यावर ते अमेरिकन आकडे उमटले, तीच ही सतरा वर्षं.

कर्नाटकातल्या हासन जिल्ह्याची गोष्ट आठवत असेल. २०२५ च्या जून-जुलैत तिथं तरुण माणसं झटक्यानं गेल्याच्या बातम्या एकामागून एक आल्या आणि सगळं राज्य हादरलं. आमच्या लॅबमध्येही त्या पंधरवड्यात ईसीजी कुठं काढतात विचारायला रांग. समिती बसली, कोविडच्या लशीशी संबंध नाही असं तिनं सांगितलं, आणि शिफारशींत शाळकरी मुलांची पंधराव्या वर्षी हृदयतपासणी करावी असंही म्हटलं. मुलांच्या काळजाचा विचार निदान कागदावर तरी आला, याचं मला बरं वाटलं. पण त्या तपासणीचा रोख जन्मजात आणि आनुवंशिक दोषांवर. आमच्या त्या तेरा वर्षांच्या मुलाचा ईसीजी सरळ निघाला असता. त्याचा बिघाड ईसीजीत दिसायला अजून वीस वर्षं लागतील. तो आज दिसतो मानेवर, कमरेत, दंडावर बांधायच्या पट्ट्यात आणि उपाशीपोटीच्या रक्तात.

पट्ट्यावरून सांगतो. बीपीच्या मशीनचा पट्टा दंडाच्या मापाचा लागतो. त्यातली रबरी पिशवी दंडाचा बहुतेक घेर व्यापणारी हवी. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला तर बीपी खोटं जास्त दाखवतं, बारीक दंडाला मोठा बांधला तर खोटं कमी. बहुतेक दवाखान्यांत एकच पट्टा असतो, मोठ्या माणसाचा, आणि पोराचं बीपी बघायचंच असतं हे कुणाच्या डोक्यात नसतं. त्या मुलाला मी विचारलं, कधी बीपी बघितलंय का? त्यानं आईकडं बघितलं. आईनं माझ्याकडं बघितलं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ २०१७ पासून तेरा वर्षांवरच्या मुलांना मोठ्यांचीच रेषा लावतात: १३० वर ८० किंवा त्याहून जास्त झालं की उच्च रक्तदाब. टाइप २ मधुमेहाच्या मुलाचं बीपी प्रत्येक भेटीला बघायचं, चरबी आणि मूत्रपिंडाची इजा दाखवणारं लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन आजार कळल्या कळल्या आणि मग दर वर्षी, डोळ्याचा पडदाही तसाच. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, शंभराच्या आत ठेवायचं. सहा महिने आहार सांभाळूनही ते १३० च्या वर राहिलं तर वयाच्या दहाव्या वर्षानंतर कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनच्या गोळीचाही विचार डॉक्टर करतात. यातलं काहीही मोठ्या शहराची मक्तेदारी नाही. आमच्या गल्लीत होतं. फक्त कुणी चिठ्ठीवर लिहून देत नाही आणि कुणी मागत नाही.

इथं आमचं सीमाभागाचं दुखणं येतं. निपाणीचा माणूस कोल्हापूरला जातो, अथणी-चिकोडीचा मिरजेला, खानापूरचा बेळगावला, आणि चंदगडचा महाराष्ट्रातून इकडं. फाइल कॅरीबॅगेत. एका ठिकाणच्या डॉक्टरांनी बदललेली गोळी दुसऱ्याला कळत नाही. १९५६ पासून आपण कुठल्या राज्यात हा वाद चालू आहे, महाजन आयोग येऊन अर्धशतकाच्या वर गेलं. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, तर बेंगळूरहून लगेच निषेध. कर्नाटकाची आयुष्मान-आरोग्य योजना आहेच. म्हणजे माझ्या गिऱ्हाइकाच्या काळजात पन्नासाव्या वर्षी स्प्रिंग बसवायची वेळ आली तर पैसे द्यायला दोन सरकारं भांडतील. मला त्याचा आनंद आहे, गरिबाला ते हवंच. पण त्याच माणसाच्या तेराव्या वर्षी त्याच्या कमरेला टेप लावायला दोन्हींतलं कुणी आलेलं नाही. भरती झाल्याशिवाय योजना उघडत नाही, आणि या पोरांना भरती व्हायचंच नाही, हाच तर मुद्दा.

आणि भाषा. काळ्या दिनाच्या फेरीत मी तरुणपणी चाललोय, मराठीतून कागद द्या म्हणून घोषणा दिल्यात. भाषिक अल्पसंख्याकांसाठीचं कलम ३५० अ आणि ३५० ब घटनेत १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनं आलं. पंधरा टक्क्यांवर वस्ती असेल तिथं सूचना त्यांच्या भाषेत काढायच्या हेही ठरलेलं आहे. आपण ते सातबाऱ्यासाठी, बसच्या पाटीसाठी, नगरपालिकेच्या नोटिशीसाठी मागितलं. योग्यच मागितलं. पण औषधाच्या चिठ्ठीसाठी मागितल्याचं मला आठवत नाही. शाळेतलं आरोग्यपत्रक कन्नडमध्ये, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, माझा रिपोर्टही इंग्रजीतच होता, खोटं कशाला बोलू. फक्त पाच रुपयांच्या पाकिटाची जाहिरात शुद्ध मराठीत. त्या आईला 'ट्रायग्लिसराइड' शब्दासमोर आकडा वाढलाय म्हणून छापलेला तारा दिसला होता. तिनं मला विचारलं, "हे चांगलं म्हणून लावलंय का ओ?"

त्या दिवसापासून रिपोर्टच्या खाली मराठीत आणि कन्नडमध्ये दोन-दोन ओळी छापतो. कन्नड माझ्या कंपाउंडरच्या बायकोनं लिहून दिलं. एका गिऱ्हाइकानं मराठी ओळींवर नाक मुरडलं, दुसऱ्यानं कन्नड ओळींवर. दोघांचीही शुगर वाढलेली होती.

मुलींचं वेगळं लिहायला हवं, कारण मुलींचं लपवतात. एक गृहस्थ सोळा वर्षांच्या लेकीला घेऊन आले. वजन जास्त, पाळी सहा-सहा महिने नाही. तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा सव्वाआठ, म्हणजे मधुमेहच. रिपोर्ट छापण्याआधी ते काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, नाव जरा दुसरं घाला. मी घातलं नाही. पुढं ते दुसऱ्या कुठल्या लॅबला गेले असणार, माझ्याकडं परत आले नाहीत. मला त्यांचा राग येत नाही, त्यांना चार वर्षांनी पोरगी द्यायची आहे. पण नाव बदललेल्या रिपोर्टवर औषध कोण घेणार? बीपी कोण बघणार? तीच मुलगी बाविसाव्या वर्षी गरोदर राहील तेव्हा शुगर, बीपी आणि मूत्रपिंड तिन्ही एकदम समोर येतील, आणि सासरी म्हणतील की बाळंतपणात झालं. मुलाचा मधुमेह सांगितला जातो, मुलीचा गिळला जातो. काळजाला ते कळत नाही.

एक गोष्ट मात्र इथंच स्पष्ट करतो, नाहीतर माझ्या लेखाचा उलटा अर्थ निघेल. मुलांमधला प्रत्येक मधुमेह वजनामुळं नसतो. पोरगं अचानक खंगलं, सारखी लघवी, सारखी तहान, उलट्या, श्वास जोरात, तर तो टाइप १ असू शकतो आणि त्याला त्याच दिवशी दवाखाना हवा. त्याचा खाण्याशी, लाडाशी काही संबंध नसतो आणि इन्सुलिन हे त्याचं जगणं असतं. काढ्यासाठी, अंगाऱ्यासाठी, कुणाच्याही सांगण्यावरून ते एक दिवससुद्धा थांबवायचं नाही. आणि टाइप १ ची मुलंही आता वजनानं वाढताना दिसतात. त्यांना दोन्हीकडचा मार बसतो, म्हणून त्यांचंही बीपी आणि चरबी बघायची.

लोक मला म्हणतात, इथं अजून अर्ध्या पोरी रक्तक्षयाच्या आहेत आणि तू जाड पोरांचं काय घेऊन बसलायस. रक्तक्षय खरा आहे, माझ्याच मशीनवर तो रोज दिसतो. पण २०१६ ते १८ या काळात केंद्र सरकारनं केलेल्या पोषण पाहणीत शाळकरी आणि किशोरवयीन मुलांतल्या दहांत एकाची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर सापडली होती. ती मुलं काही सगळी जाड नव्हती. खुजेपणा आणि पोटावरची चरबी आपल्याकडं एकाच पोरात नांदतात. शाळेतलं दूध, अंडं याच्या आड मी येत नाही. उलट अंडं वाढवा, फाटकासमोरचं कमी करा.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो: अशा तपासण्यांनी पोरांना चिडवायला नवं निमित्त मिळेल. मिळेल. त्या मुलाच्या मानेवरून मिळालंच होतं. म्हणून वर्गासमोर वजन मोठ्यानं वाचायचं नाही, वहीत आकडा लिहून घरी धाडायचा नाही. एकेकाला बाजूला घ्यायचं, जसं डोळे तपासायला घेतात. खेळाच्या तासाला गणित घ्यायचं बंद करायचं. हे मी शिक्षकांना हात जोडून सांगतो, कारण दहावीच्या वर्षात मैदान कुलूपबंद ठेवणाऱ्या शाळा मला नावानिशी माहीत आहेत. गावोगाव तालमी होत्या, आता हौदातली माती वाळून दगड झालीय. सगळ्यांनी पैलवान व्हावं असं माझं म्हणणं नाही. रोज तासभर दम लागेल असं पळावं, एवढंच.

आणि प्रत्येक पोराचं रक्त काढा असंही मी म्हणत नाही. मी तपासण्या विकतो, तेव्हा माझ्या या बोलण्यावर तुम्ही संशय घेतलेला मला चालेल. आधी बिनपैशाचं करा. पोराच्या उंचीएवढा नाडा कापा. तो दुमडून निम्मा करा. तो निम्मा नाडा कमरेभोवती पुरला पाहिजे. नाही पुरला, मानेवर काळं दिसलं, घरात आई-बाप, आजी-आजोबा कुणाला शुगर असली, तर दहाव्या वर्षापासून उपाशीपोटीची शुगर, चरबी आणि योग्य पट्ट्यानं बीपी. एवढ्यासाठी ना बेंगळूरचा आदेश लागतो ना मुंबईचा.

हे सगळं घेऊन मी परवा एका शाळेत गेलो. हेडमास्तर जुने ओळखीचे. पालकसभेत पंधरा मिनिटं द्या म्हटलं. मी खिशातून काढलेल्या नाड्याकडं त्यांनी बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "पोरांचं राहू दे ओ, आधी आमच्या स्टाफरूममधल्या कमरा मोजा." मोजल्या. हसतखिदळत सगळ्यांच्या झाल्या, आणि मग शिपाईमामांनी नाडा हातात घेतला आणि म्हणाले, आता साहेबांची. मी शर्ट वर धरून उभा राहिलो. चार बोटं कमी पडला.